‘सायलेंट’ म्हणजे नेमकं काय? : एक शब्द, अनेक अर्थ आणि आपला वर्ग



आजचा पाठ एका साध्या इंग्रजी शब्दावर आहे. ‘सायलेंट’ आणि त्याचं नाम ‘सायलेन्स’. आपल्या महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, त्यामुळे हा शब्द मुलांच्या कानावर फार लवकर पडतो. खरं तर शाळेत यायच्या आधीच पडतो, कारण घरातला मोबाईल ‘सायलेंटवर’ असतो. मुलांना अर्थ विचारला की एकच उत्तर येतं, ‘शांत’. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. हा शब्द जागा बदलतो तसा अर्थ बदलतो, आणि प्रत्येक वेळी मराठीत वेगळा शब्द वापरावा लागतो. तो कसा, ते आज बघू. त्यानंतर आपल्या रोजच्या कामाचा एक मुद्दा आहे. वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलाबद्दल आपण प्रगतिपत्रकात जो शब्द लिहितो, तो बरोबर असतो का?

१) शब्द एक, जागा अनेक

‘सायलेंट’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतून आला. तिथे ‘सिलेरे’ म्हणजे गप्प राहणे. आता तो आपल्याला कुठे कुठे भेटतो ते बघा.

मोबाईल सायलेंट : इथे अर्थ ‘आवाज बंद’. फोन चालूच असतो, निरोप येतच असतात, फक्त वाजत नाही. म्हणजे सायलेंट असणं आणि बंद असणं एक नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे वर्गात कामाला येणार आहे.

गाडीचा सायलेन्सर : अर्थ ‘आवाज कमी करणारा भाग’. पण शनिवार-रविवारी लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्यावर उभं राहिलं तर मुलांना वाटेल की सायलेन्सर म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र! सायलेन्सर बदलून फटफट करत जाणाऱ्या गाड्या आमच्या मावळातल्या मुलांना चांगल्या पाठ आहेत. मूळ अर्थ समजावून सांगितला की तीच मुलं म्हणतात, “मग सर, यांचं नाव बदलायला पाहिजे.”

सायलेन्स झोन : याला मराठीत ‘शांतता क्षेत्र’ म्हणतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. म्हणजे इथे ‘सायलेन्स’ याचा अर्थ शून्य आवाज असा नाहीच. ठरवून दिलेल्या मर्यादेतला आवाज, असा आहे.

सायलेंट फिल्म : याला आपण ‘शांतपट’ म्हणत नाही, ‘मूकपट’ म्हणतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आला, तो मूकपट होता. पात्रं बोलताना दिसत, पण ऐकू येत नसत. मध्ये मध्ये पाट्या येत. मूकपटाच्या खेळाला थिएटरात वाद्यं वाजवण्याची पद्धत होती, म्हणजे मूकपट बघणारे काही शांततेत बसत नसत. पुढे १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठीला ‘बोलपट’ मिळाला.

सायलेंट हार्ट अटॅक : इथे अर्थ ‘ठळक लक्षणं न दाखवता आलेला’. आपल्याकडे याच्या जवळचा जुना शब्दप्रयोग आहे, ‘मुका मार’. वरून जखम दिसत नाही, रक्त येत नाही, पण आत दुखत असतं.

‘सायलेंट स्प्रिंग’ : हे रेचल कार्सन यांचं १९६२ सालचं गाजलेलं पुस्तक. कीटकनाशकांच्या बेसुमार वापरामुळे पाखरं संपली तर वसंत ऋतू कसा असेल, ही भीती त्या नावात आहे. याचं भाषांतर ‘शांत वसंत’ केलं तर अर्थच उलटा होईल. मुका पडलेला वसंत, असंच म्हणावं लागेल. मावळातल्या मुलांना हे पटकन कळतं. त्यांना विचारा, भातलावणीच्या दिवसांत रात्री बेडकांचा आवाजच आला नाही तर कसं वाटेल? ती शांतता कुणाला आवडेल का?

आणखी दोन शेजारी शब्द सांगून ठेवतो. ‘क्वाएट’ म्हणजे आवाज अगदी कमी. ‘सायलेंट’ म्हणजे आवाज नाही. ‘स्टिल’ म्हणजे हालचाल नाही, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘अजून’. ‘कीप क्वाएट’ आणि ‘स्टँड स्टिल’ या दोन सूचना मुलांकडून करून घेतल्या की फरक कायमचा लक्षात राहतो. पहिल्या सूचनेला हलायला परवानगी, दुसरीला नाही.

२) मराठीची श्रीमंती

आता आपल्या भाषेकडे या. न बोलण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत! शांत, गप्प, मूक, मौन, स्तब्ध, अबोल, निमूट, निःशब्द, चिडीचूप. जागेसाठी वेगळे शब्द : सामसूम, शुकशुकाट. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मौन : हा शब्द ‘मुनी’वरून आला. मौन स्वतःच्या इच्छेने पाळायचं असतं. गांधीजी सोमवारी मौन पाळत. विनोबांनी डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात ‘आर्य मौन’ असतं. ‘मास्तरांनी मुलाला मौन केलं’ असं आपण कधीच म्हणत नाही. मौन कुणी दुसऱ्यावर लादू शकत नाही.

गप्प : गप्प स्वतः बसता येतं आणि दुसऱ्याला बसवताही येतं. गंमत म्हणजे ‘गप्प’ म्हणजे न बोलणं आणि ‘गप्पा’ म्हणजे भरपूर बोलणं. एका कान्याने अर्थ उलटा. मुलांना हे फार आवडतं.

मूक : ज्याला आवाज नाही किंवा ज्याचा आवाज कुणी ऐकत नाही, तो मूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं काही शांत स्वभावाची म्हणून गप्प नव्हती. त्यांना बोलू दिलं गेलं नव्हतं. नावातल्या एका शब्दात केवढा अर्थ आहे, बघा. आणि २०१६ साली महाराष्ट्रभर मराठा क्रांती मूक मोर्चे निघाले, तेव्हा घोषणा न देणं हीच बोलण्याची पद्धत होती.

स्तब्ध : याच्या मुळाशी खांबासारखं स्थिर होणं आहे. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी सकाळी ११ वाजता आपण २ मिनिटं स्तब्ध उभे राहतो. इंग्रजीत ‘टू मिनिट्स सायलेन्स’ म्हणतात, म्हणजे त्यांचं लक्ष आवाजाकडे. आपला शब्द आवाजाबरोबर शरीरही थांबवतो.

अबोल आणि अबोला : अबोल हा स्वभाव. अबोला हा राग, तोही एखाद्या ठरावीक माणसाशी धरलेला. अबोल मूल सगळ्यांशी कमी बोलतं. अबोला धरलेलं मूल फक्त आईशी बोलत नाही, बाकी बडबड चालूच!

शिवाय वाक्प्रचार आहेतच. ‘मूग गिळून गप्प बसणे’, ‘मिठाची गुळणी धरणे’, ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ आणि मुलांचं आवडतं ‘आळीमिळी गुपचिळी’. या चारही ठिकाणी माणूस बोलत नाही. पण पहिल्या दोन ठिकाणी बोलायला हवं तेव्हा बोलत नाही, तिसऱ्या ठिकाणी त्याला बोलूच देत नाहीत आणि चौथ्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून न सांगायचं ठरवलंय.

३) न बोलणारी अक्षरं

इंग्रजी शिकवताना ‘सायलेंट लेटर’ हा भाग येतोच. ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नाइफ’ म्हणजे सुरी. दोन्हींत सुरुवातीला ‘के’ लिहायचा पण बोलायचा नाही. ‘थम’मधला ‘बी’, ‘वॉक’मधला ‘एल’, ‘अवर’मधला ‘एच’, ही सगळी त्याच जातीची. मुलं विचारतात, “बोलायचं नाही तर लिहायचं कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. “पाठ करा” एवढंच उत्तर देऊ नये.

‘नाइफ’मधला ‘के’ काही शतकांपूर्वी इंग्रज खरंच उच्चारत असत. पुढे उच्चार बदलला, पण छापखान्यामुळे स्पेलिंग ठरून गेलं होतं, ते तसंच राहिलं. जर्मन भाषेत गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतात, तिथे तो ‘क्’ आजही ऐकू येतो. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ मात्र नंतर घुसवलेला आहे. तो शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता. विद्वानांनी मूळ लॅटिन शब्द बघून त्यात ‘बी’ घातला, बोलणाऱ्यांनी तो कधी घेतलाच नाही.

आणि शब्दाच्या शेवटी येणारा सायलेंट ‘ई’! तो स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला बदलून टाकतो. ‘किट’चा ‘काइट’ होतो, ‘कॅप’चा ‘केप’, ‘हॉप’चा ‘होप’. वर्गात ५ मुलांच्या हातात अक्षरपट्ट्या देऊन हा खेळ घ्या. ‘ई’ची पट्टी धरणाऱ्या मुलाने तोंड उघडायचं नाही, फक्त शेवटी येऊन उभं राहायचं. तो आला की सगळ्यांचा उच्चार बदलतो.

आपल्या मराठीतही असं होतं. ‘घर’, ‘कमळ’ हे शब्द आपण लिहिताना शेवटचं अक्षर पूर्ण लिहितो, पण बोलताना त्यातला ‘अ’ जवळजवळ उच्चारत नाही. घरात आजोबांची जुनी वही असेल तर उघडून बघा. त्यात ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असं लिहिलेलं सापडेल. ते अनुस्वार उच्चारात नव्हते, फक्त लिहायचे होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हणजे मराठीने आपली बरीचशी ‘सायलेंट’ चिन्हं सोडून दिली, इंग्रजीने जपून ठेवली.

एक गंमत सांगून पुढे जाऊ. इंग्रजीतला ‘सायलेंट’ आणि ‘लिसन’ म्हणजे ऐकणे, हे दोन्ही शब्द त्याच ६ अक्षरांचे बनलेले आहेत. आणि ‘लिसन’मधला ‘टी’ सायलेंट आहे!

४) आता वर्गात या

‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. ‘पिन ड्रॉप सायलेन्स’ हा चांगल्या वर्गाचा पुरावा मानला जातो. वर्ग शांत म्हणजे शिक्षकाचा दरारा, असा समज अजून आहे. पण वर बघितलं तसं शांततेचे प्रकार अनेक आहेत. मूल बोलत नाही, एवढंच आपल्याला दिसतं. त्यामागे काय आहे ते शोधावं लागतं.

(अ) विचार करत असलेलं मूल. आपण प्रश्न विचारतो आणि लगेच दुसऱ्याला उठवतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो या अभ्यासकांनी वर्गांतल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात, असं त्यांना दिसलं. हाच वेळ ३ सेकंदांपर्यंत किंवा जास्त नेला तेव्हा उत्तरं लांब आली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. याला खर्च काहीच नाही. मनात एक-दोन-तीन म्हणा आणि थांबा.

(ब) भाषा वेगळी असलेलं मूल. मावळात कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची मुलं शाळेत येतात. लोणावळ्यात हॉटेलं, बंगले, बांधकामं यांवर कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलंही येतात. त्यांच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी एक नाही. नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने फक्त ऐकतं. भाषाशिक्षणात या काळाला ‘सायलेंट पीरियड’ असंच नाव आहे. आठवतो ना मघाचा मोबाईल? आवाज बंद, पण निरोप सगळे आत येत आहेत. आमच्याकडे दुसरीत एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत काहीही बोलली नव्हती. सुट्टीनंतर एक दिवस मध्यान्ह भोजनाच्या रांगेत तिने मागच्या मुलाला ठणकावून सांगितलं, “माझा नंबर आधी आहे, तू नंतर ये.” एका दमात, अख्खं वाक्य, शुद्ध मराठीत. ५ महिने ती शिकतच होती. अशा मुलांना बोलायची सक्ती करू नका, पण त्यांच्याशी बोलणं थांबवूही नका. ‘हात वर करून दाखव’, ‘चित्रावर बोट ठेव’ अशी उत्तरं चालवून घ्या. त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहा.

(क) ऐकू कमी येणारं मूल. हे सगळ्यात जास्त निसटतं. कान फुटणं, वारंवार सर्दी, एका कानाने कमी ऐकू येणं, अशी मुलं मागच्या बाकावर ‘शांत’ बसलेली असतात. हाक मारल्यावर बघत नाही, शेजाऱ्याचं बघून सूचना पाळतो, ओठांकडे टक लावतो, ही लक्षणं लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्या मुलाकडे खास लक्ष द्यायला सांगा. आणि शब्दाबद्दल बोलायचं तर ‘मूकबधिर’ हा शब्द सोडून ‘कर्णबधिर’ म्हणा. न ऐकणारं प्रत्येक मूल मुकं नसतं. अनेकांना आवाज असतो, आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषाच आहे.

(ड) घाबरलेलं मूल. उत्तर येतं, पण चुकलं तर हसतील म्हणून बोलत नाही. याला आपण ‘शांत’ म्हणतो, तो म्हणजे खरं तर ‘निमूट’. अशा मुलाला आधी जोडीदाराला उत्तर सांगू द्या, मग गटात, मग वर्गात.

(इ) अचानक गप्प झालेलं मूल. कालपर्यंत बोलत होतं, आज नाही. हा मुका मार असू शकतो. घरात आजारपण, भांडण, दारू, किंवा त्याहून वाईट काही. ‘कुणाला सांगायचं नाही’ असं बजावून मुलांना त्रास देणारी माणसं असतात. तिथे आळीमिळी गुपचिळी हा खेळ राहत नाही. एकट्याने, शांतपणे, घाई न करता विचारा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात भिंतीवर लावा.

(फ) अबोल मूल. काही मुलांचा स्वभावच कमी बोलण्याचा असतो. ते हसतं, खेळतं, वहीत छान लिहितं, मित्र एकच पण पक्का. त्याला काहीही झालेलं नाही. त्याला ‘बोलका हो’ म्हणून छळू नका.

(ग) स्वतःहून मौन राखणारं मूल. केरळमध्ये १९८५ साली ३ भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत प्रवेश द्यायला सांगितलं. नीट उभं राहून न गाणं हा अनादर होत नाही, असं न्यायालयाने मानलं. न बोलण्याचा अर्थ आपण परस्पर ठरवू नये, हे यातून शिकण्यासारखं आहे.

५) वर्णनात्मक नोंदीत काय लिहायचं?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी करतो. ‘शांत स्वभावाचा आहे’, ‘वर्गात शांत बसते’, या नोंदी किती वहीत सापडतील, मोजायला नको. वरची सातही मुलं या एका ओळीत मावतात, आणि तीच अडचण आहे. पुढच्या वर्षीचे शिक्षक ती ओळ वाचतात, ‘बरं, त्रास नाही’ म्हणतात आणि मूल आणखी एक वर्ष मागच्या बाकावर जातं. कानाचा त्रास असेल तर ते वर्ष फार महाग पडतं.

म्हणून शब्द नेमका लिहा. काही नमुने देतो :

“प्रश्न विचारल्यावर वेळ दिला तर पूर्ण उत्तर देतो.”
“घरी कातकरी बोली. मराठी सूचना समजतात, बोलायला सुरुवात होत आहे.”
“मागून हाक मारल्यास प्रतिसाद नाही. कानाची तपासणी आवश्यक.”
“गटात बोलते, वर्गासमोर संकोच करते.”
“कमी बोलतो. लेखनातून विचार चांगले मांडतो.”

ओळ एकच लिहायची आहे. तेवढाच वेळ लागतो, पण ती वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं.

६) वर्गात घेण्यासारखे उपक्रम

शब्दांचं झाड : फळ्यावर मध्ये ‘सायलेंट’ लिहा. मुलांनी फांद्यांवर मराठी शब्द लिहायचे आणि प्रत्येकाचं एक वाक्य करायचं. (तिसरी ते पाचवी)

शांततेची यादी : १ मिनिट डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेले आवाज लिहायचे. पंखा, लोकलचा भोंगा, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गातले पाढे. मग प्रश्न विचारा, आपण सगळे गप्प होतो, तरी शांतता होती का?

लेण्यांची सहल : कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या चैत्यगृहात गेल्यावर आधी हळू बोलून बघायचं, मग सगळ्यांनी थांबून ऐकायचं. दगडात आवाज कसा घुमतो ते मुलं स्वतः सांगतात. भाज्यात वाद्य वाजवणाऱ्या स्त्रीचं शिल्पही दाखवा. आपल्याकडच्या मूकपटापेक्षा कितीतरी जुना मूकपट तो!

मूकाभिनय : चिठ्ठीवर ‘अबोला’, ‘मौन’, ‘निमूट’, ‘स्तब्ध’ असे शब्द. न बोलता करून दाखवायचे, बाकीच्यांनी ओळखायचे. फरक समजल्याशिवाय हे करताच येत नाही.

७) पालकांसाठी

पालकसभेत “आमचा फार शांत आहे हो” असं अभिमानाने सांगितलं जातं, आणि “आमची घरी बडबडते, शाळेत का बोलत नाही?” अशी तक्रारही येते. दोन्ही वेळा आम्हाला थोडी जास्त माहिती द्या. घरी कोणत्या भाषेत बोलते? कुणाशी बोलते? टीव्हीचा आवाज मोठा करून ऐकतो का? बोलणं कधीपासून कमी झालं? आणि मूल काही सांगायला आलं की हातातला मोबाईल सायलेंटवर टाकण्यापेक्षा बाजूला ठेवा. मूल बोलतं ते कुणीतरी ऐकतंय हे दिसल्यावर.

या सत्राच्या नोंदी लिहायला बसाल तेव्हा ‘शांत’ हा शब्द आला की पेन थोडं थांबवा आणि वरच्या यादीतलं कोणतं मूल आहे ते आठवा. तुमच्या वर्गात, तुमच्या बोलीत न बोलण्यासाठी आणखी कोणते शब्द आहेत तेही मुलांकडून गोळा करून ठेवा. पुढच्या पाठात ‘क्वाएट’, ‘क्वाइट’ आणि ‘क्विट’ या तीन गोंधळ घालणाऱ्या शब्दांकडे वळू.